तीन मुळं, चार कॅनॉल आणि घरचे डॉक्टर

सांगलीहून ४७ वर्षांच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. पत्र पाच पानी आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून गोषवारा देते:

"अडीच वर्षांपूर्वी वरच्या डाव्या बाजूच्या मोठ्या दाढेचं रूट कॅनॉल झालं. करणारे डॉक्टर माझ्या मिस्टरांचे मामेभाऊ, म्हणजे सासूबाईंचे भाचे. पैसेही त्यांनी अर्धेच घेतले. आठ महिन्यांनी त्या बाजूनं भाकरी चावली की दुखायला लागलं. भाऊजींनी एक्स-रे काढला, 'छान भरलंय' म्हणाले, कॅप जराशी घासली आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. असं तीनदा झालं. मध्येच डावं नाक चोंदायला लागलं, गाल जड व्हायचा, म्हणून सायनसचं औषधही घेतलं. शेवटी घरी न सांगता मिरजेला दुसऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, या दाढेत चौथा कॅनॉल असावा आणि तो राहिलेला दिसतो. थ्रीडी स्कॅन करून पुन्हा उघडून बघू. मिस्टर ग्राहक मंचात जायची भाषा करतात. सासूबाई म्हणतात, 'माझ्या भाच्याच्या हाताला गुण आहे, तुझी दाढच नाठाळ. काढून टाक एकदाची.' आता १९ वर्षांच्या मुलीच्याही खालच्या दाढेला रूट कॅनॉल सांगितलंय. तिला भाऊजींकडेच न्यायचं का? मला फसवलं का? नस काढलेली दाढ दुखते कशी? आणि दाढेला मुळं तीन असतात, मग चौथा कॅनॉल आला कुठून?"

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीचे सगळे त्याच्याच पोटात आहेत.

कॅनॉल म्हणजे मुळाच्या आतून नस जाते ती बारीक वाट. तीन मुळं म्हणजे तीन कॅनॉल, हा हिशेब सरळ वाटतो. डेंटलच्या पहिल्या वर्षाला आम्हाला मेणाच्या वडीतून दाढा कोरायला लावतात, तेव्हा मलाही तो तसाच वाटला होता. मेणाची दाढ आतून भरीव असते ना, त्यामुळे आतलं काही कळत नाही. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेची दोन मुळं गालाच्या बाजूला आणि एक टाळूच्या बाजूला असतं. टाळूकडचं मूळ जाडजूड. गालाकडच्या दोघांतलं मागचं बारीक आणि सरळ स्वभावाचं. सगळी भानगड गालाकडच्या पुढच्या मुळात. ते चपटं आणि रुंद असतं. भुईमुगाची शेंग फोडून बघा. टरफल एक, आत दाणे दोन. या मुळाचं तसंच आहे. मूळ एक, आत कॅनॉल दोन. कधी ते टोकाशी जाऊन एक होतात, कधी शेवटपर्यंत वेगळे राहतात, तर कधी दोघांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत केसाएवढी फट असते आणि त्या फटीतही नसेचा गर अडकलेला असतो.

हे काही काल-परवा लागलेले शोध नाहीत. झ्युरिकच्या वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांमध्ये रबर भरलं, ते कडक केलं आणि भोवतीचा दात आम्लात विरघळवून टाकला. मागे जो रबराचा साचा उरला तो नळीसारखा नव्हताच, रोप उपटल्यावर हातात येतो त्या मुळ्यांच्या जुडग्यासारखा होता. त्यांचं काम इंग्रजीत आलं १९२५ साली. पुढे अमेरिकेत फ्रँक व्हर्टुची यांनी २,४०० दात रसायनांनी काचेसारखे पारदर्शक करून, आत रंग सोडून तपासले आणि १९८४ मध्ये कॅनॉलच्या वाटांचे आठ प्रकार मांडले. आम्ही आजही तेच आठ प्रकार शिकवतो. तुमच्या दाढेच्या त्या पुढच्या मुळात निम्म्याहून जास्त वेळा दोन कॅनॉल असतात, हे त्यांच्याच कामात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लागल्यापासून तर हे प्रमाण वाढतच गेलं. दाढा काही बदलल्या नाहीत, आम्हाला दिसायला लागलं एवढंच.

म्हणजे मिरजेच्या डॉक्टरांनी 'चौथा असावा' म्हटलं यात नवल काही नाही. तुमची दाढ नाठाळही नाही. सासूबाईंना तेवढं सांगा.

आता नस काढलेली दाढ कशी दुखते ते बघू. रूट कॅनॉलमध्ये दाताच्या आतला जिवंत गर जातो. पण मुळाभोवतीचं अस्तर आणि जबड्याचं हाड जिवंतच राहतं, आणि चावताना जे कळतं ते त्या अस्तराला कळतं. राहून गेलेल्या कॅनॉलमध्ये गर कुजतो, त्यावर जंतू पोसतात आणि मुळाच्या टोकातून त्यांची घाण हाडात झिरपते. टोकाशी सूज आली की दाढ केसभर उचलल्यासारखी होते आणि भाकरीचा घास आधी तिच्यावरच पडतो. भडंगातला एखादा शेंगदाणा नेमका तिथं सापडला तर ब्रह्मांड आठवतं. सगळ्याचं मूळ जंतूच आहेत हे १९६५ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगानं फार स्वच्छ दाखवलं. काही उंदीर संपूर्ण जंतुरहित वातावरणात वाढवले आणि त्यांच्या दाढांचा गर उघडा पाडला, तरी टोकाशी गळू झालं नाही. साध्या उंदरांना मात्र झालं.

इथंच तुमच्या त्या तीन वेळच्या गोळ्यांचा मुद्दा येतो. गोळी रक्तातून पोचते. कुजलेल्या कॅनॉलमध्ये रक्त जातच नाही. त्यामुळे अँटिबायोटिकनं बाहेरची सूज चार दिवस बसते, आतलं बिऱ्हाड जागचं हलत नाही, आणि गोळ्या संपल्या की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा ठणका. ताप नाही, चेहरा सुजलेला नाही, नुसती दाढ दुखतेय, अशा वेळी अँटिबायोटिक देऊ नये आणि दातावरच उपाय करावा, असं अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ मध्ये लेखी सांगितलं आहे. आपल्याकडे मात्र 'जरा स्ट्राँग गोळी द्या डॉक्टर' असं पेशंटच म्हणतो, आणि डॉक्टरही देतो. दोघंही खूश.

तुमच्या सायनसचंही कोडं बहुधा इथंच सुटेल. वरच्या मोठ्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला अगदी लागून असतात, कधी मध्ये कागदाएवढंच हाड असतं. एकाच बाजूचं नाक चोंदणं, त्याच बाजूचा गाल जड होणं, घाण वास येणं असं चालू असेल तर त्या बाजूच्या दाढा तपासायच्याच. तुमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना डाव्या दाढेचं रूट कॅनॉल झाल्याचं सांगितलं होतं का? पत्रात तसं दिसत नाही. बहुतेक जण सांगत नाहीत, कारण नाक वेगळं आणि दात वेगळा असंच आपण धरून चालतो. स्कॅन झाला की त्याची एक प्रत त्यांनाही द्या.

मग फसवलं का?

उत्तर देण्याआधी माझं एक प्रकरण सांगते. साताऱ्यात दवाखाना टाकून मला पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्याच आळीतले एक निवृत्त गुरुजी, गणिताचे. त्यांच्या खालच्या पुढच्या दाताचं रूट कॅनॉल केलं. पुढचा दात, एक मूळ, एक कॅनॉल, अर्ध्या तासाचं काम, असं माझ्या डोक्यात. गुरुजी पंधरा दिवसांनी आले: दुखतंय. मी तपासलं, म्हटलं बसेल. महिन्यानं आले, म्हटलं थंडीचे दिवस आहेत. तिसऱ्यांदा आले तेव्हा, आता सांगायला लाज वाटते, मी त्यांना वयामुळे जास्त जाणवत असेल असं म्हणाले. चौथ्या वेळी काय सुचलं कोण जाणे, एक्स-रेची ट्यूब सरळ न धरता बाजूनं तिरकी धरली. फिल्म धुऊन खिडकीसमोर धरली तर माझ्या पांढऱ्या रेघेच्या शेजारी दुसरी काळी रेघ, रिकामी. खालच्या पुढच्या दातांत मागेपुढे असे दोन कॅनॉल बऱ्याच जणांना असतात. आपण जिभेच्या बाजूनं भोक पाडतो, आणि जिभेकडचा कॅनॉल नेमका त्या भोकाच्या काठाखाली लपून राहतो. गुरुजींना खुर्चीतच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गणित तुझं चुकलं होतं, आणि वजाबाकी माझ्या वयातून करत होतीस." पैसे न घेता पुन्हा केलं. त्यानंतर ते वारले तोवर माझ्याकडेच येत होते.

तेव्हा माझं मत असं. कॅनॉल न सापडणं याला मी फसवणूक म्हणत नाही. तुम्ही हरिपूरची हळदीची पेवं पाहिली असतील. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत अंधार आणि पोट भलं मोठं. दाढेचं तसंच आहे, फक्त माप मिलिमीटरचं. वरच्या दाढेत तर थेट बघताही येत नाही, आरशात उलटं बघावं लागतं. हा चौथा कॅनॉल त्याच मुळातल्या पहिल्या कॅनॉलपासून टाळूच्या दिशेला दोन-तीन मिलिमीटरवर असतो आणि त्याच्या तोंडावर दाताच्याच द्रव्याचा कट्टा वाढलेला असतो. तो कट्टा हलकेच खरवडला तरच तोंड दिसतं. कॅनॉल साफ करायला पहिली फाइल, म्हणजे बारीक सुई, घालतो तिचं टोक ०.०८ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचं. वाढत्या वयात दाताच्या आत चुना धरतो, त्यानं वाटा आणखी अरुंद होतात. उघड्या डोळ्यांनी, दिव्याच्या उजेडात हा कॅनॉल हुकणारे डॉक्टर चांगलेही असतात. भाऊजी त्यातलेच असतील, असं धरून चालायला माझी हरकत नाही.

पण दुखतंय म्हणून पेशंट पुन्हा आला, तिथून हिशेब वेगळा होतो. साधा सरळ एक्स-रे म्हणजे सावली. या मुळातले दोन कॅनॉल एकामागे एक असतात, त्यामुळे सावलीत एकावर एक पडतात आणि एकच भरलेली रेघ दिसते. 'छान भरलंय' हे त्या सावलीपुरतं खरंच होतं. ट्यूब वीस-एक अंश सरकवून दुसरा एक्स-रे काढायला पाच मिनिटं लागतात. तो तीन भेटींत एकदाही काढला नाही आणि तिन्ही वेळा गोळ्या लिहून दिल्या, ही चूक मला पहिल्या चुकीपेक्षा मोठी वाटते. मी स्वतः ती केली आहे, म्हणूनच इतकं ठाम सांगते.

ग्राहक आयोगाचं मिस्टरांनी काढलंच आहे म्हणून एवढंच सांगते: तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते, आणि कॅनॉल राहिला एवढ्यावरच निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. वकिलाला विचारायचं तर विचारा. मी मात्र आधी दाढेकडे बघेन.

मिरजेच्या डॉक्टरांचं बोलणं मला बरं वाटलं. त्यांनी 'आहेच' म्हटलं नाही, 'असावा' म्हटलं, आणि हत्यार उचलण्याआधी स्कॅन सांगितला. तरीसुद्धा, राहिलेला कॅनॉल हेच कारण, असं आत्ताच मनाशी पक्कं करू नका. कॅपखालून गळती होऊन लाळ आत जाऊ शकते. मुळाला उभी चीर गेलेली असू शकते. शेजारची दाढ दुखत असेल आणि कळ इथं येत असेल. त्यांनी हिरडीत सळई घालून भोवती सगळीकडे खोली मोजली का, ते विचारा. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी सळई एकदम आठ-नऊपर्यंत जात असेल तर उभ्या चिरेचा संशय घ्यायचा. तसं निघालं तर ते मूळ वाचत नाही, आणि मग सासूबाईंचंच ऐकायचं.

स्कॅन म्हणजे सीबीसीटी, दातांचा थ्रीडी एक्स-रे. हवा तेवढा दोन-तीन दातांचा भाग घ्यायला सांगा, अख्ख्या जबड्याचा नको. किरणं साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असतात, हॉस्पिटलातल्या सीटी स्कॅनपेक्षा बरीच कमी. त्यात दाढ पोळीसारखी पातळ कापून थराथरानं बघता येते: मूळ किती, कॅनॉल किती, कुठला रिकामा, टोकाशी हाड किती झिजलंय, सायनसचं अस्तर जाड झालंय का. पण धातूच्या कॅपमुळे आणि आतल्या भरणीमुळे चित्रात पांढऱ्या तिरिपा उठतात आणि बारीक चीर त्यात लपते. त्यामुळे 'स्कॅनमध्ये चीर नाही' म्हणजे चीर नाहीच, असं नसतं.

स्कॅननं चौथ्याचीच पुष्टी केली तर पुन्हा रूट कॅनॉल करा, असं मी सुचवेन. कसं होतं ते सांगते, म्हणजे खुर्चीत बसल्यावर दचकणार नाही. कॅप कापून काढतात किंवा तिच्यातूनच भोक पाडतात. माझा कल काढण्याकडे, कारण खाली कीड किंवा चीर आहे का ते उघड दिसतं. दातावर रबराचा पडदा लावतात. जुनी भरण गुट्टा पर्चाची असते, झाडाच्या चिकापासून केलेली, गुलाबी काड्यांसारखी. ती मऊ करून बाहेर काढतात. मग तळ दिसतो, आणि खरी गंमत तिथं आहे. दाढेचा तळ भिंतींपेक्षा काळसर असतो आणि कॅनॉलची तोंडं तळ आणि भिंत जिथं मिळतात त्या रेषेवरच असतात. हे नियम २००४ मध्ये ५०० दात कापून बघून मांडले गेले आणि तेव्हापासून आमचं चाचपडणं बरंच कमी झालं. पहिल्या कॅनॉलपासून टाळूकडे एक बारीक काळसर रेघ जाते. सूक्ष्मदर्शकाखाली अल्ट्रासॉनिक टोकानं त्या रेघेवरचा कट्टा खरवडायचा, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे दोन थेंब सोडायचे आणि थांबून बघायचं. खाली कुजका गर असेल तर एका टिंबातून बारीक बुडबुडे वर यायला लागतात. इतकी वर्षं झाली, तरी ते बुडबुडे दिसले की मला आनंद होतोच. मग केसाएवढी फाइल तिथं टेकवली की ती किंचित धरली जाते, सोडत नाही. सापडला.

त्यानंतर धुणं आणि पुन्हा धुणं. बहुधा आत औषध ठेवून एक-दोन आठवड्यांनी दुसरी बैठक, मग भरण, मग नवी कॅप. कॅप लांबवू नका. अर्धवट झाकलेली दाढ लवकर फुटते.

यश किती? दुसऱ्यांदा केलेल्या रूट कॅनॉलचं यश अभ्यासांमध्ये ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास येतं, पहिल्या वेळेपेक्षा थोडं कमी. पण बिघाडाचं कारण नक्की सापडलं आणि ते दूर करता आलं, तर आशा धरायला चांगली जागा आहे. दुखणं लवकर थांबेल. टोकाशी झिजलेलं हाड भरायला मात्र महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. सहा महिन्यांनी आणि वर्षानं एक्स-रे काढायचा. त्यात डाग नुसता लहान होत असला तरी समाधान माना.

आतून जमलंच नाही, वाट चुन्यानं बुजलेली निघाली, तर हिरडीकडून छोटी शस्त्रक्रिया करून मुळाचं टोक कापून तिथून बंद करता येतं. तुमचं हे पुढचं मूळ गालाकडे असल्यानं हाताला येतं. तो नंतरचा रस्ता.

दाढ काढण्याबद्दल. 'काढली की कटकट संपली' हे अक्कलदाढेबाबत चालतं. ही दाढ तुमच्या डाव्या बाजूच्या चावण्याचा खांब आहे. काढली तर रिकाम्या जागेत मागची दाढ कलते, खालची वर येते. पूल बसवायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांट उत्तम असतो, पण वरच्या जबड्यात सायनस खाली उतरलेला असेल तर आधी हाड भरावं लागतं, आणि तुमचा सायनस आधीच कुरकुरतोय. पैसेही पुन्हा रूट कॅनॉल आणि कॅप करण्यापेक्षा जास्त जातात. चीर निघाली तर हे सगळं करायचंच, तक्रार न करता. तोवर नको. आणि काहीच न करता गोळ्यांवर दिवस काढणं, हा पर्याय मी मोजतच नाही.

(रूट कॅनॉल केलेल्या दातामुळे कॅन्सर होतो, असा संदेश तुमच्या जाऊबाईंनी पाठवलाय म्हणे. अशा दातांमुळे अंगभर आजार होतात, या शंभरेक वर्षांपूर्वीच्या समजुतीतून ते आलंय. तेव्हा त्या भीतीनं लोकांचे ढिगानं दात उपटले गेले. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. पुढं पाठवू नका.)

हे करायचं कुणाकडून? ज्यांचं एमडीएस 'कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एन्डोडॉन्टिक्स' या विषयातलं आहे आणि ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक किंवा निदान भिंगाचा चष्मा आहे, त्यांच्याकडून. कॅप काढणं, स्कॅन, पुन्हा रूट कॅनॉल, नवी कॅप, या चारही गोष्टींचे पैसे पहिल्याच दिवशी एकत्र विचारा. लोक एकाचा आकडा ऐकून जातात आणि चौथ्याला दचकतात. खर्च जड वाटत असेल तर तुमच्या सांगलीतच दोन डेंटल कॉलेजं आहेत, एक भारती विद्यापीठाचं आणि एक कवलापूरचं. साताऱ्याकडच्या वाचकांना कराडचं जवळ. तिथं याच विषयाचे विभाग असतात. वेळ जास्त लागतो, चार फेऱ्या होतात, पण शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर शिकवणारे उभे असतात.

आता भाऊजी. तुम्ही घरी न सांगता मिरजेला गेलात याची तुम्हाला टोचणी लागलीय, हे पत्रात तीन ठिकाणी दिसतं. ती सोडून द्या. दुसऱ्या डॉक्टरला दाखवणं हा नात्याचा अपमान नव्हे. शाळेत एखाद्या मुलाचं गणित तुमच्या पद्धतीनं जमलं नाही तर त्याला दुसऱ्या बाईंकडे बसवता की नाही? पण त्यांना हे सासूबाईंकडून कळू देऊ नका. तुम्हीच फोन करा, मिस्टरांनी नको. ते मंचापासूनच सुरू करतील. साधारण असं म्हणा: "भाऊजी, दाढ अजून दुखतेय. मिरजेला दाखवलं, त्यांना चौथ्या कॅनॉलची शंका आहे. स्कॅन करतेय. तुमच्याकडचे सुरुवातीचे आणि भरल्यानंतरचे एक्स-रे पाठवाल का? आणि स्कॅन आला की तुम्हीही बघा." यात आरोप नाही, लपवाछपवीही नाही. ते एक्स-रे खरंच लागतात. पहिल्या वेळी किती लांबीपर्यंत भरलं होतं, तळ कसा होता, हे पुढच्या डॉक्टरला त्यातून कळतं.

ते काय उत्तर देतात तेवढं नीट ऐका. 'पाठवतो, आणि स्कॅन मलाही दाखव' म्हणाले तर माणूस चांगला आहे, फक्त त्या दिवशी हुकला. 'मिरजवाले लुटारू आहेत' एवढंच म्हणाले तर मुलीचा प्रश्न तिथंच सुटला.

तर मुलगी. खालच्या दाढांच्या खोड्या वेगळ्या. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला सहसा दोन मुळं, पण काहींना जिभेच्या बाजूला तिसरं छोटं वाकडं मूळ असतं. व्हिएन्नाच्या काराबेली यांनी ते १८४४ मध्येच नोंदवून ठेवलंय. तिच्याच पुढच्या मुळात दोन कॅनॉलच्या मधोमध तिसराही कधी निघतो. त्यामागच्या दुसऱ्या मोठ्या दाढेत कधी मुळं एकमेकांना चिकटलेली असतात आणि आतला कॅनॉल गोल न राहता चंद्रकोरीसारखा पसरतो. चीन-कोरियाकडे हे फार दिसतं, आपल्याकडे कमी, पण दिसतं. चंद्रकोरीचा कोपरा गोल फाइलनं साफ होत नाही, तिथं धुण्यावरच भिस्त. आणि तुमच्या दाढेत चौथा निघाला म्हणून तिच्या दाढेत काही निघेलच असं नाही. तुमची वरची, तिची खालची. दोन्ही घरंच वेगळी. हां, तुमच्या उजव्या बाजूच्या त्याच दाढेला पुढं कधी वेळ आली तर डॉक्टरांना डावीचं आवर्जून सांगा, दोन्ही बाजूंचा नमुना पुष्कळदा सारखा असतो.

तिचं वय तिच्या बाजूनं आहे, १९ व्या वर्षी कॅनॉल मोकळे असतात. आधी तर खरंच रूट कॅनॉल लागतंय का ते विचारा. गार लागून लगेच थांबतं, रात्री ठणकत नाही, एवढंच असेल तर कदाचित नुसतं भरूनही भागेल. लागणारच असेल तर भाऊजींकडे करायलाही माझा नकार नाही, पण सुरू करण्याआधी दोन कोनांतून एक्स-रे, काम करताना रबराचा पडदा, आणि शेवटी किती कॅनॉल सापडले, किती लांबीचे, हे कागदावर लिहून. हे तिन्ही मागताना संकोचू नका. ज्या डॉक्टरला हे रोजचं आहे त्याला त्यात काही वावगं वाटणार नाही. ते म्हणाले 'यासाठी तज्ज्ञाकडे पाठवतो', तर उलट आभार माना.

तुमचा स्कॅन या आठवड्यात होऊ दे. तोवर डाव्या बाजूनं भडंग बंद, दुखलं तर तुमच्या डॉक्टरांना विचारून नेहमीची वेदनाशामक, आणि घरात उरलेली ती अँटिबायोटिकची पट्टी कुणालाही देऊ नका, सासूबाईंना तर नाहीच. चेहरा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला, तर स्कॅनची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.